अडवू नको, पॅरी कर

माझी भाची सातवीत आहे आणि गेल्या जूनपासून तिला तलवारबाजीचं वेड लागलंय. तलवारबाजी म्हणजे फेन्सिंग हो, पांढरे कपडे आणि तोंडावर जाळी घालून खेळतात ती. ताईला ऑफिसातून यायला उशीर होतो म्हणून आठवड्यातले तीन दिवस तिला नाशकातल्या पंचवटीत सोडायचं आणि आणायचं काम मामाकडे, आणि मामा तिथे कट्ट्यावर चहा पीत बसलेला असतो. कानावर सारखं एकच येतं, सर ओरडत असतात, "पॅरी! पॅरी कर! अगं अडवू नको, पॅरी कर!"

एक दिवस परत येताना गाडीवर मागून प्रश्न आला. "मामा, सर म्हणाले पॅरी म्हणजे वार अडवणं. मग मी अडवते तर म्हणतात अडवू नको. मग करू काय?"

मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगतो. तेव्हा लक्षात नाही आलं पण मी जे केलं ती पॅरीच होती, प्रश्न अंगावर येत होता तो जरा बाजूला सरकवला.

तर आधी साधी गोष्ट. समोरून काहीतरी अंगावर येतंय, तलवार म्हणा चेंडू म्हणा नाहीतर प्रश्न म्हणा, तर माणूस काय काय करू शकतो? मराठीत याला एक शब्द नाहीये, चारपाच आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळंय. ढाल पुढे करून तिथल्या तिथे थांबवलं तर ते अडवणं. स्वतःच बाजूला झालात तर ते चुकवणं. नुसतं इकडे जातो असं दाखवून तिकडे गेलात तर ती हूल, हुलकावणी. आलं तसं माघारी पाठवलं तर परतवणं. आणि दणकून लांब कुठेतरी फेकलं तर टोलवणं. पॅरी या सगळ्यांच्या मधे कुठेतरी बसते. तुम्ही जागेवरच उभे, येणारा वारही थांबत नाही, फक्त त्याची दिशा वीतभर बदलते आणि तो तुमच्या खांद्याशेजारून निघून जातो. फुटबॉल बघणाऱ्यांनी हे रोज पाहिलेलं असतं, गोलकीपरला चेंडू पकडता येत नाही तेव्हा तो तळहाताने बाहेर ढकलतो, त्यालाही कॉमेंट्रीत पॅरी केला म्हणतात. अडवण्यात समोरच्याचा सगळा जोर तुम्हाला झेलावा लागतो, पॅरीत तो जोर त्याच्याच अंगाशी राहतो. सातवीतल्या मुलीसमोर अकरावीतला मुलगा उभा केला तर ती अडवणार कशी, म्हणून सर ओरडतात.

हे नुसतं सांगून तिला पटलं नाही. मग माळ्यावरचे पडद्याचे दोन जुने रॉड काढले आणि स्वयंपाकघरात प्रयोग केला (हॉलमधे टीव्ही आहे म्हणून स्वयंपाकघरात, ताई घरी नव्हती). तिला म्हटलं रॉड समोर घट्ट धर. मी माझ्या रॉडच्या टोकाने तिचा रॉड मुठीजवळ ढकलला, ढिम्म हलला नाही, उलट माझाच मागे आला. मग उलटं केलं. माझ्या रॉडचा मुठीजवळचा भाग तिच्या रॉडच्या टोकाला लावला आणि मनगट जरासं फिरवलं, तर तिचा रॉड इतक्या सहज बाजूला गेला की ओट्यावरचा साखरेचा डबाच पाडला. साखर गोळा करता करता तिला म्हटलं बघ, दरवाजा बिजागरीजवळ ढकलला तर हलत नाही आणि कडीजवळ एका बोटाने हलतो, तसंच आहे हे. तलवारीचा मुठीकडचा अर्धा भाग भक्कम, त्याला फ्रेंचमधे फोर्ट म्हणतात, किल्ल्याला जो फोर्ट म्हणतात त्याच घराण्यातला. टोकाकडचा अर्धा भाग लेचापेचा, तो फेबल. आपल्या भक्कम भागाने त्याचा लेचापेचा भाग गाठायचा, एवढीच पॅरी. आणि गरजेपुरतंच हलवायचं, कारण तलवार लांबवर नेली की आपलीच दुसरी बाजू उघडी पडते. नवीन पोरं इथेच मार खातात म्हणे, जीव खाऊन तलवार फिरवतात आणि छाती मोकळी.

पॅऱ्यांना नावंही आहेत. तिच्या वहीत आठ लिहिलेली आहेत, प्रीम, सेगोंद, तियर्स, कार्त, कँत, सिक्स्त, सेप्तीम, ऑक्टाव्ह. ही पाठ करताना ती रडकुंडीला आली होती. अगं हे नुसतं पहिली, दुसरी, तिसरी, चौथी आहे, जुन्या फ्रेंचमधलं. आपल्या विटीदांडूत वकट, लेंड, मूंड, नाल म्हणतात तसं, तेही तेलुगूतले एक दोन तीन चारच आहेत, ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. खेळ एकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा आकडे बरोबर घेऊन जातो, आणि मग इथे गोदावरीच्या गंगाघाटावर विटी कोलणाऱ्या पोराला माहीतही नसतं की आपण तेलुगूत मोजतोय.

आता मूळ शब्दाकडे येतो, कारण खरी मजा तिथे आहे. पॅरी हा शब्द इंग्रजीत आला सतराव्या शतकात, आणि आला तो बहुतेक फ्रेंच उस्तादांच्या ओरडण्यातून. 'पारे!' म्हणजे 'वार सांभाळ!' असा हुकूम. म्हणजे बघा, तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी कुठल्यातरी आखाड्यात कुठलातरी सर असाच ओरडत होता आणि शिकणाऱ्यांनी ते ओरडणंच शब्द म्हणून उचललं. फ्रेंचमधे तो आला इटालियनमधून, तिथे पारारे म्हणजे वार टाळणं, आडोसा धरणं. आणि इटालियनच्या मागे लॅटिन, तिथेही पारारेच, पण अर्थ एकदम वेगळा. तयारी करणे!

मला हे वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं की काहीतरी गडबड आहे, तयारीचा आणि वार टाळण्याचा काय संबंध. पण जरा थांबून विचार केला की जुळतं. तयार ठेवणं, मग हाताशी तयार ठेवणं, मग पुढे धरून ठेवणं, मग पुढे धरलेल्या वस्तूने येणारं टाळणं, असा तो अर्थ एकेक पायरी सरकत गेला. पावसाळा आला की आपण म्हणतो ना छत्रीची तयारी आहे का, तर छत्री असणं हीच तयारी आणि तेच टाळणं.

या पारारेची पिल्लावळ सगळ्या नाशकात पसरलेली आहे. आमच्या गच्चीचं काम चाललं होतं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "साहेब, पॅराफिट किती घेऊ? छातीला लागेल एवढं घेतो, संक्रांतीला पोरं चढतात." पॅराफिट म्हणजे पॅरापेट, गच्चीच्या कडेची भिंत, आणि हा शब्द इटालियन, पारा म्हणजे सांभाळ आणि पेट्टो म्हणजे छाती. छातीला सांभाळणारी भिंत! मुळात ती किल्ल्यावरच्या सैनिकांसाठी होती, मागे उभं राहिलं की छातीला गोळी लागू नये म्हणून. मिस्त्रींना इटालियन येत नाही पण माप त्यांनी तंतोतंत शब्दाच्या अर्थाचं सांगितलं. आणि आपल्या जिल्ह्यात, म्हणजे येवल्यात तर तीन तीन दिवस पतंग उडतात, मागे मागे सरकत जाणाऱ्या पोराला ती भिंतच सांभाळते, तर शब्द अजून कामावर आहे म्हणायचा.

पॅराशूट हा दुसरा भाऊ, शूट म्हणजे फ्रेंचमधे पडणं, पडण्यापासून सांभाळणारं ते पॅराशूट. १७८३ मधे लनोर्मां नावाच्या फ्रेंच माणसाने असलं यंत्र करून दाखवलं आणि हे नाव त्यानेच ठेवलं. त्यामुळे खोबरेल तेलाची निळी बाटली डोक्यावर उपडी करताना आपण मुळात 'पडणे टाळा' असं वाचत असतो, केसांच्या बाबतीत तर फारच समर्पक. पॅरासोल म्हणजे ऊन टाळणारी छत्री. आणि आपली परेडसुद्धा, जी त्र्यंबक रोडला पोलीस अकादमीच्या मैदानावर होते ती, त्याच पारारेची नात आहे, सजून धजून तयार उभं राहणं या अर्थाने. गंमत म्हणजे फ्रेंच तलवारबाज आजही पॅरीला 'पाराद' म्हणतात, म्हणजे परेड आणि पॅरी तिथे एकच शब्द. रिपेअर म्हणजे परत तयार करणं, प्रिपेअर म्हणजे आधी तयार करणं, आणि सेपरेट म्हणजे वेगळं करून ठेवणं. सातपूरला गाडी रिपेअरिंगची पाटी दिसली की ती पण याच खानदानातली समजा.

पण प्रत्येक पॅरा आपला नाही हां, इथे पुष्कळ जण घसरतात. पॅरासिटामॉल, पॅराग्राफ, पॅरामेडिकल हे ग्रीक, तिथे पॅरा म्हणजे शेजारी, लगत. त्यांचा नि यांचा काही संबंध नाही, नुसता आडनाव-बंधुभाव. पॅराग्लायडिंग मात्र पॅराशूटवरूनच.

आता कुणी म्हणेल हे सगळं फिरंग्यांचं झालं, आपल्याकडे वार टाळायची विद्या नव्हती का. होती की, आणि भरपूर होती. मर्दानी खेळात फरी-गदका आहे, फरी म्हणजे छोटी ढाल आणि गदका म्हणजे कातडं गुंडाळलेली काठी. आणि माडू नावाचं एक भन्नाट हत्यार आहे, काळविटाची दोन शिंगं उलटसुलट जोडून मधे मूठ, समोरच्याची तलवार शिंगावर घेऊन बाजूला सारायची आणि त्याच झटक्यात टोक मारायचं. पॅरीसाठीच केलेलं हत्यार म्हणा ना.

आणि शब्द पाहायचा असेल तर संस्कृतमधला वृ धातू घ्या, झाकणे, रोखणे. त्याच्यापासून वारण, निवारण. संकटनिवारण म्हणजे संकट दूर सारणं, म्हणजे संकटाची पॅरी. निवारा म्हणजे ऊनपाऊस ज्याच्यावर आपटून बाजूला जातो ती जागा, म्हणजे पॅरासोल आणि पॅरापेट दोन्ही एकात. आणि अनिवार्य! शाळेच्या नोटिशीत 'उपस्थिती अनिवार्य' असतं ना, त्याचा शब्दशः अर्थ असा की हिची पॅरी होऊ शकत नाही. भाचीला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी गणिताच्या पेपराला ती 'अनिवार्य वार' म्हणत होती. माझ्या मते पॅरीला मराठीत एका शब्दात बसवायचंच झालं तर निवारणे हाच सगळ्यात जवळचा, पण आखाड्यात "निवार! निवार!" असं कोण ओरडणार, तीन अक्षरांत समोरचा दोनदा मारून जाईल.

निवारण शब्दाचं आमच्या घरात एक दुखणं आहे. वडिलांच्या नावावरचं एक कनेक्शन माझ्या नावावर करायचं होतं, ऑफिसचं नाव घेत नाही, तर तिथे पाटी होती 'तक्रार निवारण कक्ष'. मला वाटायचं निवारण म्हणजे तक्रार सोडवणं. चार महिन्यांत सहा खेपा झाल्यावर कळलं की त्यांनी शब्दाचा मूळ अर्थ धरलाय, तक्रार अंगावर येऊ द्यायची नाही, बाजूला सारायची. एक नंबर टेबल म्हणालं तीन नंबरला विचारा, तीन नंबर म्हणालं साहेबांची सही आणा, साहेब म्हणाले आधी एक नंबरचा शेरा लागतो. याला मराठीत टोलवाटोलवी म्हणतात आणि हा शब्द किती नेमका आहे बघा. टोला म्हणजे दांडूने विटीला मारलेला तो तडाखा, त्याच्यावरून टोलवणे. आणि मराठीची सवय अशी की एकच क्रियापद दोनदा जोडलं की तो दोघातिघांचा नाहीतर सारखा सारखा चालणारा उद्योग होतो, पळवापळवी, लपवालपवी, फसवाफसवी, उडवाउडवी. टोलवणं एकट्याला जमतं, टोलवाटोलवीला निदान दोन टेबलं लागतात. आणि मधे जी हवेत असते ती विटी म्हणजे आपण.

म्हणजे वार टाळायचा शब्द प्रश्न टाळायला वापरणं हे इंग्रजांनीच केलं असं काही नाही, सगळेच करतात, कारण प्रश्न हा वारच असतो. इंग्रजीत पॅरी अ क्वेश्चन म्हणतात, आपल्याकडे पत्रकाराने विचारलं की मंत्र्यांनी प्रश्न टोलवला अशी बातमी येते. तलवारबाजीत तर हे अजून आधीपासून मुरलेलं आहे. पॅरी करून लगेच जो उलटा वार करतात त्याला रिपोस्ट म्हणतात आणि तो शब्द इटालियन रिस्पोस्तावरून आला, रिस्पोस्ता म्हणजे सरळ सरळ उत्तर! फॉइल आणि सेबर या दोन प्रकारांत तर नियमच आहे, समोरच्याने आधी हल्ला केला तर हक्क त्याचा, तुम्ही नीट पॅरी केली की हक्क तुमच्याकडे येतो, म्हणजे आता उत्तर द्यायची पाळी तुमची. इपी नावाचा तिसरा प्रकार आहे तिथे असलं काही नाही, ज्याचं टोक आधी लागलं त्याचा गुण. टोकियो ऑलिम्पिकला, २०२१ मधे, भवानी देवी भारताकडून तलवारबाजी खेळलेली पहिली खेळाडू ठरली, ती सेबरवाली. पहिली मॅच १५-३ ने जिंकली, दुसरीत हरली. भाचीच्या कपाटावर तिचा फोटो चिकटवलेला आहे.

मला मात्र यात एक फरक दिसतो. तलवारीची पॅरी करणारा माणूस पुढे उत्तर देणार असतो, त्याचसाठी ती असते. प्रश्नाची पॅरी करणाऱ्याला उत्तर द्यायचंच नसतं. त्यामुळे प्रश्न टाळायचे आपले वाक्प्रचार बघितले तर त्यात पुढे जाणं कमी आणि निसटणं जास्त. बगल देणे घ्या, बगल फारसी, म्हणजे काख किंवा कूस, अंग तिरकं करून शेजारून निसटणं. नाहीच निसटता आलं तर काखा वर करणे. म्हणजे दोन्हीकडे काखच! मराठी माणसाची जबाबदारीतून सुटायची वाट काखेतूनच जाते, हे मला लिहिताना आत्ताच लक्षात आलं. शिवाय कानावर हात ठेवणे आहे, हात झटकणे आहे. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे वेड पांघरून पेडगावला जाणे, माहीत असून माहीत नसल्याचं सोंग.

पेडगाव श्रीगोंदा तालुक्यात भीमेकाठी, आपल्या जिल्ह्याबाहेर. पण वेडाच्या बाबतीत नाशिक मागे नाही. आपल्या देवळालीवरून इंग्रजीत अख्खा शब्द गेलाय, डूलॅली, म्हणजे डोकं फिरलेला. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर देवळालीच्या कॅम्पात बोटीची वाट बघत महिनोन्महिने पडून असायचे, काम नाही, ऊन, ताप, दारू, आणि त्यात काही जणांचं डोकं फिरायचं, त्याला ते डूलॅली टॅप म्हणायचे, टॅप म्हणजे आपला ताप. म्हणजे खरं वेड लागलं तर देवळाली आणि खोटं पांघरायचं असेल तर पेडगाव, दोन्ही सोयी फार लांब नाहीत.

हे सगळं मी भाचीला एका दिवसात नाही सांगितलं, आठवडाभर गाडीवर हप्त्याहप्त्याने सांगितलं. शेवटचा हप्ता अर्धवट राहिला कारण गंगापूर रोडला येता येता पाऊस कोसळला आणि आम्ही पळत एका बसस्टॉपच्या शेडमधे घुसलो. वर पत्र्यावर आमदार निधीची पाटी आणि त्याखाली मोठ्या अक्षरात 'प्रवासी निवारा'. ती ओल्या बोटाने पाटीकडे दाखवत म्हणाली, "मामा, निवारा! पॅरी!" मी म्हटलं अजून ऐक, स्पेनमधे त्याच पारारेचा अर्थ थांबणं असा झाला आणि तिकडे बसस्टॉपला काय म्हणतात माहितीये, पारादा. इथे पण निवारणातला शब्द, तिथे पण पॅरीचा भाऊ, आणि दोन्हीकडे माणसं पावसात बसची वाट बघत उभी.

ती दोन मिनिटं गप्प होती, मला वाटलं प्रभाव पडला. मग म्हणाली, "ते ठीक आहे, पण आईने विचारलं ना काल, की साखरेच्या डब्याला पोचा कसा आला, तेव्हा तू काय म्हणालास?"

मी म्हटलं पाऊस कमी झालाय वाटतं, चल बस गाडीवर.